बदकाचे पाय

जी गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, बायकोलाही नाही, ती एवढीच आहे. “दोन्ही जोड सारखेच हायेत वयनी, काही फरक नाही,” असं मी माझ्या चुलतभावाच्या बायकोला म्हणालो, तेव्हा मला फरक ठाऊक होता. चांगला ठाऊक होता. आदल्याच दिवशी बाजारात तासभर उभं राहून मी तो समजून घेतला होता.

जोड म्हणजे पायात घालून पाण्यात बुडी मारायचे रबरी पंख. आज शहरातल्या मुलांना त्यांचं काही वाटणार नाही. पण मी सांगतोय ते दिवस दुसरी मोठी लढाई नुकती संपली तेव्हाचे. आमचा जिल्हा नागपूरच्या कारभारात होता, फौजेतून सुटलेली माणसं खाकी पिशव्या घेऊन गावोगाव परतत होती, आणि आमच्या गावात रबर म्हणजे फक्त सायकलीची ट्यूब होती.

यंदा वैशाखात आमच्या शाळेची विहीर तळाला गेली, म्हणून हे सारं वर आलं. सुट्टी होती. मी एकटाच कचेरीत दाखले लिहीत बसलो होतो. गाळ काढायला उतरलेल्या माणसांची पहार खाली खडकावर पडायची आणि आवाज वर यायचा. विहिरीतून येणारा पहारीचा आवाज उन्हातल्या आवाजासारखा नसतो. तो ओला असतो, थोडा उशिरा येतो, आणि कुठून आला ते कळत नाही. चारपाच ठोके मी ऐकले. मग माझा टाक निसटला आणि दाखल्यावर शाईचा ठिपका पडला. मी उठून खिडकी लावून घेतली. पन्नाशीला आलेला माणूस, हेडमास्तर म्हणवतो, आणि पहारीच्या आवाजाला खिडकी लावतो.

आमचं गाव डोणगावपासून दोन कोसांवर. काळी जमीन, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधाला रचलेल्या, आणि त्यांच्यावरून येणारा वारा असा की ओठ चाटले तर मातीची चव लागावी. गावाला पिण्याची विहीर एकच. काळ्या चिऱ्यांनी बांधलेली, आत पारव्यांची घरं. दुपारी काठावर कान दिला की पारव्यांचं घुमणं खालून वर यायचं आणि वाटायचं, विहीरच झोपेत काही बोलते आहे.

मला त्या विहिरीचं भय होतं. हेही आता सांगूनच टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. अकरा वर्षांचा असताना एकदा तांब्या पडला म्हणून मी बुडी मारली होती. तळाशी पूर्वेच्या अंगाला एक कपार आहे, तिच्यातून झरा येतो. तांब्या शोधताना माझा हात त्या कपारीत गेला. आतून थंड पाण्याचा झोत हातावर आला. कुणी तोंड जवळ आणून हळूच श्वास सोडावा तसा. मी हात मागे घेतला आणि त्या क्षणी मला वर कुठे अन् खाली कुठे ते कळेना. डोळे उघडे असून काळोख. किती वेळ गेला असेल, फार नाही. वर आलो तेव्हा सगळे हसत होते. तांब्या मिळाला नाही म्हणालो, बाकी काही बोललो नाही. त्यानंतर मी पाण्यावर पोहलो, पाण्याखाली कधी गेलो नाही. नागपूरला कॉलेजात असताना तलावात पोहण्याची शर्यत जिंकली, पेला मिळाला, तो आईनं देवळीत ठेवला. गावानं ठरवून टाकलं की दिनकर म्हणजे पट्टीचा पोहणारा. मीही ते ठरू दिलं. मी वरवर पोहतो, हे त्यांना कोण सांगणार?

खरा बुडी मारणारा सदाशिवदादा, माझ्या चुलत्याचा मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. घागरी, बादल्या, एकदा तर कुणाच्या नाकातली नथ त्यानं त्या विहिरीतून काढली होती. छाती रुंद, बोलणं थोडं, हसणं फार. पण दोन वर्षांपूर्वी ज्वारीच्या पेंढ्या भरलेल्या गाडीवरून तो घसरला आणि उजवा घोटा निखळला. हाड बसवणाऱ्यानं बसवला. तरी तो कच्चाच राहिला. सपाट वाटेवर चालतानाही मधूनच मुडपायचा. दादा एक पाय धरून उभा राहायचा आणि सांगायचा, “हा घोटा माह्या सासऱ्यानं हुंड्यात देल्ला, म्हून ऐकत नाही.” वयनी घरातून ओरडायची की माझ्या बापानं दिलेलं सगळंच धड होतं, जावई तेवढा बघून घ्यायचा राहिला.

त्या उन्हाळ्यात बांधकामातला एक मोठा चिरा सुटून खाली पडला आणि नेमका कपारीच्या तोंडावर बसला. झरा बुजला. विहिरीत अडीच परस पाणी उरलं. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. उपसून विहीर कोरडी करावी तर तेवढंच पाणी गावाच्या घशाखाली जायचं होतं. तेव्हा कुणीतरी बुडी मारायची, पहारीनं चिरा उचकायचा, श्वास संपला की वर यायचं, पुन्हा जायचं. बायका पहाटे घागरी रांगेला लावायच्या आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहायच्या. आमच्या आईच्या घागरीचा तळ दगडाला घासल्याचा आवाज मला अजून येतो.

दोन हातांत पहार, म्हणजे वर यायला राहिले फक्त पाय. आणि दादाचा एक पाय कच्चा. म्हणून मला ते रबरी पंख सुचले. ते माझ्या डोक्यातून निघाले, हेही लोक अजून कौतुकानं सांगतात.

डोणगावच्या बाजारात एक हवालदार बसायचा. आमच्याच भागातला, लढाईत कुठे कुठे फिरून आलेला. फौजेचा मोडीत काढलेला माल आणून विकायचा. खाकी सदरे, मच्छरदाण्या, टिनचे डबे, आणि बांबूला टांगलेले हे दोन जोड. पोरं त्यांना बदकाचे पाय म्हणत. हवालदारानं समुद्रावर बुडी मारणाऱ्यांची पलटण पाहिली होती. मी त्याला दादाच्या घोट्याचं सांगितलं, तेव्हा तो गिऱ्हाईक सोडून उठला.

एक जोड आखूड, नरम, बुटासारखा; टाच पूर्ण आत जाणारा. दुसरा लांब, कडक, टाचेकडे उघडा, मागून पट्ट्यानं आवळायचा. त्यानं लांब जोडात स्वतःचा हात मनगटापर्यंत घातला आणि मला म्हणाला, पंज्याचं टोक धर, मी पाणी मारतो. त्यानं हात हलवला, मी टोक धरून ठेवलं, तर त्याचं मनगट माझ्या डोळ्यांदेखत वळलं. मग आखूड जोड घातला. पंजा नुसता वाकला, मनगट सरळ राहिलं.

“समजलं काय? पानी पंजाले धरते अन् पंजा घोट्याले पिळते,” तो म्हणाला. “कच्च्या घोट्याले हा नरमवाला. टाच घट्ट धरून ठेवते. अन् पाय कमरेतून मारायचा म्हनावं, घोट्यातून नाही. लंबावाला ज्याचा पाय पक्का हाये त्याच्यासाठी. ताकद लय देते, पन पाय पक्का पाह्यजे.”

वापरून परत आण, एवढंच बोलून त्यानं दोन्ही जोड माझ्या सायकलीला बांधून दिले. परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब फुलले होते, आणि त्या गोडसर वासात तापलेल्या रबराचा वास मिसळला होता. तो वास मला पुढे कुठेही आला, सायकलच्या दुकानात, पावसाळी बुटांत, की मी थुंकी गिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर सगळे जमले. आणि तिथे जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. रामजी पाटलांनी दोन्ही जोड हातात घेतले, वास घेतला, नखानं खरवडून पाहिले. त्यांचा पहिला प्रश्न, हे कातडं तर नाही? पिण्याच्या विहिरीच्या काठाला कुणी वहाण घालून चढत नसे. मी सांगितलं, झाडाचा चीक आहे. ते ऐकून त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी आखूड जोड उलटापालटा केला.

“हा तं बूट हाये,” ते म्हणाले. “बूट घालून पेन्याच्या पान्यात उतरायचं? नाही जमत.”

पिंजाऱ्याचे उस्मानचाचा कापसाचं धनुष्य खांद्यावर घेऊन उभे होते. ते म्हणाले, “पाटील, वावरात मोटेच्या कातड्यातून ढसढसा पानी पेता, अन् इथं झाडाच्या चिकाले भेता काय?” लोक हसले. पाटीलही हसले, पण मागे हटले नाहीत. मोट वावरातली, ही विहीर गावाची. त्यांनी लांब जोड वर धरला. टाच उघडी, मागे नुसता पट्टा. “ही खडाव झाली,” त्यांनी निकाल दिला. “खडाव चालते. खडाव घालून मानूस देवघरातबी जाते.”

कुणी वाईट नव्हतं. पाटलांना पाणी हवं होतं आणि गावाचा आचारही राखायचा होता. त्यांना घोट्याचं काय माहीत? ते माहीत असलेला माणूस तिथे एकच होता.

दादानं मला विचारलं. सगळ्यांसमोर, साधेपणानं. “दिन्या बे, हवालदारानं माह्या पायाले कोनता सांगतला?”

मी तोंड उघडलं. मला एवढंच बोलायचं होतं की नरमवाला, आणि तो घालू देत नसाल तर दादाला उतरवू नका. पाटलांनी ऐकलं असतं. पण तेवढ्यात पाटील म्हणाले, सदाला जमत नसेल तर काही बिघडत नाही, आपल्याकडे नागपूरचा पेलावाला आहेच. आणि पाचपन्नास माणसांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पायांकडे. माझे दोन्ही घोटे धडधाकट होते. लांब जोड पक्क्या पायाचा होता, म्हणजे माझा होता.

मला ती कपार दिसली. हातावर तो थंड श्वास आला. ऊन डोक्यावर होतं आणि माझे दात एकमेकांवर बसले.

“कोनताबी चालते म्हने,” मी म्हणालो.

पुढची अर्धी घटका दादा घरी होता. वयनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून त्याचा घोटा बांधत होती. मी दारात उभा. दादा दोर बघायला बाहेर गेला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, “भाऊजी, तुमी शिकलेले. मले खरं सांगा. तो दुसरा जोड ह्यांच्या पायाले बरा होता काय? तसं असन तं मी पाटलाच्या पाया पडतो.” आमच्याकडे बायकाही ‘पडतो’ म्हणतात. हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण तिनं मला सुटायची वाट दाखवली होती. माझं भय उघडं न पडता दादा वाचला असता. पण वाटेच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मीच उभा होतो, पहार हातात घेऊन. म्हणून मी ते वाक्य बोललो, ज्यानं हा लेख सुरू झाला. ती बरं म्हणाली आणि तिनं पट्टीची गाठ मारली.

दोर माझ्या हातात होता. तेही मीच मागून घेतलं. एक झटका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ओढा. जोडाचा पट्टा दादाच्या टाचेवर सैल बसत होता, मी तो दोन भोकं पुढे आवळून दिला.

तो पाण्यात गेला तेव्हा पारवे एकदम उठले आणि विहिरीच्या तोंडावर गोल फिरत राहिले. पाणी त्याच्यावर मिटलं. मी दोराकडे पाहत राहिलो. दोराला पाण्याखालची प्रत्येक हालचाल कळते आणि ती हातात येते. पहारीचा ठोका लागला की दोर किंचित थरथरायचा. पहिल्यांदा तो वर आला, हसला, चिरा हलतो म्हणाला. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा हसला नाही. पायऱ्यांना धरून त्यानं उजवा पाय पाण्यातच झटकला. मी विचारलं, दादा, पुरे करायचं काय? तो म्हणाला, पाय पिळून राह्यला, पन एकच दणका राह्यला. मी त्याला थांबवू शकलो असतो. तेव्हासुद्धा.

तिसऱ्यांदा दोन झटके आले. मी ओढलं. दोर आला नाही. खाली काहीतरी अडकलं होतं. नंतर कळलं, चिरा सरकताना पंज्याचं लांब टोक त्याच्या अन् खडकाच्या फटीत सापडलं होतं, आणि आवळलेल्या पट्ट्यातून टाच सुटेना. मला तेव्हा काहीच कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तो कपारीजवळ आहे आणि वर-खाली त्याला कळत नसेल. मी वेड्यासारखा ओढत राहिलो. मागून उस्मानचाचांनी दोराला हात घातला. एकदम काहीतरी सुटलं आणि आम्ही दोघं मागे पडलो.

दादा वर आला. जिवंत होता, ओकत होता. उजवं पाऊल पायाला होतं, पण त्याचं तोंड भलतीकडे होतं.

आणि त्याच्यामागे पाणी गढूळ होऊन वर उसळलं. झरा सुटला होता. बायका काठावर धावल्या. लोक एकीकडे दादाला उचलत होते, दुसरीकडे माझी पाठ थोपटत होते. वयनीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग त्या पावलाकडे. त्या पाहण्यात काही होतं की नव्हतं, यावर मी पंचवीस वर्षं विचार करतो आहे.

जोड परत द्यायला गेलो तेव्हा हवालदारानं लांब जोडावरचे ओरखडे अंगठ्यानं चाचपले. कोणाच्या पायात होता, त्यानं विचारलं. माझ्या, मी म्हणालो. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि सदऱ्यांच्या घड्या घालायला लागला. तो गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याच्या मरणाची बातमी कळली तेव्हा मला आधी हायसं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

दादाचं पाऊल आत वळूनच बसलं. तिफणीमागे सरळ चालणं त्याला परत जमलं नाही. पेरणीच्या दिवसांत तो बांधावर बसायचा आणि दुसऱ्याच्या हातची तिफण आपल्या वावरात चाललेली बघायचा. तास वाकडं गेलं तरी बोलायचा नाही, नुसता हात वर करायचा. पुढे पोरगा मोठा झाला, त्यानं औत धरलं. मी बी.टी. झालो, नोकरीला लागलो, वर्षातून दोनदा गावी जात राहिलो. आणि प्रत्येक वेळी, घरात पाहुणा असो की सोयरा, दादा माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, “ह्या दिन्यानं ओढलं म्हून मी हावो. नाही तं तवाच गेलो असतो.” मी चहाच्या बशीत बघतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.

भय जातं असं म्हणतात. माझं गेलं नाही, त्यानं जागा बदलली. आधी ते विहिरीच्या तळाशी होतं, आता दादाच्या ओसरीवर आहे. त्या ओसरीला चढताना त्याची काठी आतून वाजत आली की मला वाटतं, आज हा विचारेल. तो विचारत नाही. त्याला विचारायचं सुचतच नाही. आणि आजही मला त्या काठावर त्याच उन्हात उभं केलं, पाचपन्नास माणसं माझ्या पायांकडे बघू लागली, तर मी काय म्हणेन याची मला खात्री नाही.

हा लेख छापून येईल. पण दादाला वाचता येत नाही, वयनीलाही नाही. त्यांचा मुलगा वाचत नाही. मला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच कदाचित लिहायचं धाडस झालं. तेव्हा हे लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. वाचणाऱ्यांनी मला त्याचं श्रेय देऊ नये.

दादानं मला चारचौघांत विचारलं होतं, त्याला चारचौघांतच खरं उत्तर द्यायचं आहे. वयनीनं एकटीनं विचारलं होतं, तिला वेगळं द्यायचं आहे. दोघंही आहेत. दोन्ही उत्तरं मी अजून त्यांना देणं लागतो.